स्टुलाचा हिशेब

दिवाळी जवळ आली की घरोघरच्या बायकांना चकलीच्या भाजणीची काळजी लागते. मला स्टुलांची लागते. पुण्यातल्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात एक लाकडी स्टूल असतेच असते. त्याचा एक पाय इतर तिघांहून किंचित आखूड असतो, त्याच्याखाली जुन्या कॅलेंडरची घडी सरकवलेली असते, आणि ते घरात केव्हा आले हे कोणालाच सांगता येत नाही. वर्षभर त्याच्यावर एखादी कुंडी नाहीतर पाण्याचे पिंप असते. दसरा उलटला की पिंप खाली येते आणि त्याच्या जागी एक बाई चढते. तिच्या एका हातात ओले फडके, दुसरा हात पंख्याच्या पात्यावर, आणि खालून घरच्या वहिनी सांगत असतात, "त्या कोपऱ्यातलं जळमट राहिलं हो!"

ती बाई पुष्कळदा माझ्याकडची असते. म्हणून ही काळजी माझी.

२००३ सालापासून मी कोथरूडला साफसफाईचा एक लहानसा धंदा चालवते. ह्यांनी २००१ साली बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या सुमारास बँकांमधून तशी लाटच आली होती. निवृत्त झाल्यावर ह्यांनी घरातल्या प्रत्येक कामात सल्ला द्यायला सुरुवात केली, तेव्हा दोघांपैकी एकाने घराबाहेर पडणे आवश्यक झाले. मी पडले. एका दंतवैद्यांचा दवाखाना आणि दोन बायका एवढ्यावर सुरुवात झाली. पुढे दोन कचेऱ्या आल्या, एक शिकवणीवर्ग आला, एक मंगल कार्यालय आले. आज कायमच्या सहा जणी आहेत आणि दिवाळीच्या महिन्यात घरांच्या सफाईसाठी तीन जणी हंगामी. नऊच्या वर मी कधी गेले नाही. मला तेवढ्यांचीच नावे, पोरेबाळे आणि दुखणी लक्षात राहतात.

अशा धंद्यात खर्च तो काय, असे लोकांना वाटते. झाडू, फिनेल आणि पगार! चौथा एक खर्च असतो, तो कोणाला दिसत नाही. काम करताना बाई पडली, भाजली, तिला विजेचा धक्का बसला, तर तिची भरपाई मालकाने द्यायची असते. आणि ती देण्याची आपली ऐपत नसेल तर आधी विमा उतरवून ठेवायचा असतो. ह्या विम्याचा हप्ता माझ्या फिनेलच्या वर्षाच्या बिलाहून थोडा कमी येतो. तरीही फिनेलबद्दल मला कोणी कधी सल्ला दिला नाही. हप्ता कमी कसा करावा ह्याबद्दल मात्र आजवर डझनभर माणसांनी दिला आहे.

हप्ता ठरतो कसा, ते सांगते. अगदी सोपे आहे. वर्षभरात पगारापोटी एकूण किती रक्कम वाटली जाईल त्याचा अंदाज आधी द्यायचा. कंपनी त्याला एका दराने गुणते. दर कामाच्या जातीवर असतो. जमिनीवर उभे राहून झाडणारीचा दर कमी, शिडीवर चढून काचा पुसणारीचा जास्त. वर्ष सरले की खरा पगार किती वाटला ते मस्टर दाखवून सांगायचे. अंदाजाहून जास्त निघाला तर वरचे पैसे भरायचे, कमी निघाला तर काही परत मिळतात. पूर्वी हे दर सगळीकडे एका ठरीव पत्रकाप्रमाणे असत. २००७ पासून ते बंधन गेले, प्रत्येक कंपनी आपापला दर सांगते. त्यामुळे भाजी घेताना आपण चार गाड्या बघतो तसे तीन ठिकाणी विचारून पाहण्यात कमीपणा नाही. मी दरवर्षी विचारते, आणि फरक पडतो.

इथवर ठीक होते. पण आमचे विमाप्रतिनिधी पडले फार परोपकारी. गृहस्थ सज्जन, माझे दोन पैसे वाचावेत एवढाच त्यांचा हेतू. पहिल्याच वर्षी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी मला तीन युक्त्या सांगितल्या.

"नऊ बायका कशाला दाखवता? पाच दाखवा. सगळ्या एकदम थोड्याच पडणार आहेत?"

"आणि सहावी पडली तर?"

"तर पाचांतल्या एकीचं नाव लावायचं."

"आणि तिला शुद्धीवर आणताना डॉक्टरांनी नाव विचारलं तर कोणतं सांगायचं?"

ते हसले. दुसरी युक्ती, पगार निम्मा दाखवायचा. तिसरी, काचा पुसणाऱ्या दोघींना कागदावर 'झाडलोट' म्हणायचे. "बाजारात सगळे असंच करतात," असेही त्यांनी वर सांगितले, आणि ते खोटे नव्हते.

मी तिन्हींना नाही म्हटले. ह्यात मोठे सत्त्व वगैरे काही नाही. मी आकडा पाहिला होता.

कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. गिरणगावात कामगारांसाठी आयुष्य वेचणारे ना. म. जोशी त्या काळात मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या बाजूने बोलत होते. कायद्याचे सार एका वाक्यात सांगण्यासारखे आहे. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, तर मालकाची चूक असो वा नसो, भरपाई त्याने द्यायची. कामाच्या बाईला न्यायालयात जाऊन 'बाईसाहेबांनी हलगर्जीपणा केला' असे शाबीत करावे लागत नाही. शिवाय 'मी पडले तर जबाबदारी माझी' असा कागद आधीच लिहून घेतला, तर तो कागद कायद्याच्या लेखी रद्दी आहे. असे अंगठे उठवलेले स्टॅम्पपेपर काही कंत्राटदार अजून कपाटात जपून ठेवतात. त्यांना मी कधी काही म्हणत नाही. कपाट त्यांचे, कागद त्यांचा.

तर तो आकडा. कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे. त्यात सोळा वर्षांपासून पुढे प्रत्येक वयापुढे एक संख्या आहे. तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पंचावन्नाव्या वर्षी १३५.५६. माणूस कामावर दगावले तर त्याच्या महिन्याच्या पगाराचा निम्मा घ्यायचा आणि ह्या संख्येने गुणायचा. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याच्या जागी साठ टक्के. गुणाकारात धरायच्या पगारालाही मर्यादा असते. २०१० ते २०१९ ह्या काळात ती आठ हजारांची होती, जानेवारी २०२० मध्ये पंधरा हजारांची झाली. चौदा हजार पगाराची चाळीस वर्षांची बाई धरली तर सात हजार गुणिले १८४.१७, म्हणजे १२ लाख ८९ हजार १९० रुपये. मी हा गुणाकार दोनदा केला. मग ह्यांच्याकडून करून घेतला, कारण तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस घरात होता. उत्तर तेच आले. तेवढी रक्कम मला उभी करायची असती तर आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक विकायला काढावा लागला असता. आणि एक नाव लपवून हप्त्यात वाचणार किती? हजार-बाराशे रुपये.

पण ब्लॉकचे सोडा. त्या युक्त्यांमधली खरी गोम वेगळी आहे. पगार निम्मा दाखवला की कंपनीची जबाबदारीही त्याच मापाने आखडते; नाव गाळले की ती बाई कागदावरून नाहीशीच होते. मालकाचे हजार रुपये वाचतात ते तिच्या ताटातून काढून. तिला विचारलेलेसुद्धा नसते.

२०१६ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. वसुबारसेच्या आधीचा आठवडा. मुळशीकडच्या एक मावशी हंगामासाठी आल्या होत्या. कामावरचा त्यांचा सहावा दिवस. चौथ्या मजल्यावरचा ब्लॉक, स्वयंपाकघरातला माळा, माळ्यावर तांब्यापितळेची भांडी. घरात स्टूल होते, वर सांगितले त्याच जातीचे. मावशींनी वरून पातेले काढले, ते खाली देण्यासाठी वळल्या आणि कॅलेंडरची घडी सरकली. पातेले वाचले. उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले.

घरमालकीणबाई घाबरून गेल्या होत्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. रिक्षापर्यंत खाली आल्या, मावशींच्या डाव्या हातात पाचशेची नोट ठेवली. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "स्टूलही मोडलं हो आमचं. सासूबाईंच्या वेळचं होतं."

मनगटात पट्टी बसवावी लागली. रुग्णालयाचे बिल झाले बावन्न हजार. आता इथे एक बारीक गोष्ट आहे, ती हा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. औषधपाण्याचा खराखुरा खर्च देणेही कायद्याने मालकाकडेच आहे, २०१० सालापासून. पण विम्याच्या साध्या कागदात तो बहुधा नसतो. त्यासाठी वेगळा हप्ता भरून पुरवणी घ्यावी लागते आणि तिलाही माणशी मर्यादा असते. माझ्याकडे पुरवणी होती. त्या वर्षी आमच्या कंपनीच्या पत्रकात पंचवीस हजारांपलीकडची मर्यादाच नव्हती. उरलेले सत्तावीस हजार मी घातले. ती दिवाळी आमच्याकडे घरच्या चिवड्यावर झाली. तोही ह्यांनी केला, आणि दाणे जाळले.

मावशींचा पगार होता आठ हजार. हात बरा होईपर्यंत कायद्याने दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा मिळतो, म्हणजे महिन्याला निम्मा पगार. निम्म्या पगारात आणि एका हाताने घर कसे चालवायचे हे कायद्यात लिहिलेले नाही. उरलेला निम्मा मी देत राहिले, तीन महिने. हा काही विम्यातला भाग नव्हे. पण धंद्याच्या खर्चाच्या वहीत मी तो विम्याच्याच पानावर लिहिते.

कंपनीने मस्टर मागितले, पगाराचे पुस्तक मागितले, डॉक्टरांचा दाखला मागितला. सहा दिवसांची का होईना, मावशींची हजेरी होती, सही होती, आणि हंगामी बायकांचा पगार अंदाजात धरलेला होता. दोन पत्रे आली, दोन उत्तरे गेली. पैसे आले होळीला. ह्यात मालकाने हातावर हात ठेवून बसायचे नसते. भरपाई महिन्याच्या आत द्यायची असते. उशीर झाला तर बारा टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर वर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. तो दंड विमा कंपनी भरत नाही. म्हणून आपण आधी द्यायचे आणि मागाहून कंपनीकडून घ्यायचे.

मग डॉक्टरांनी मनगट तपासून लिहिले की हाताची ताकद दहा टक्के कायमची गेली. मावशींनी विचारले, "धा टक्के म्हंजे कंचं बोट?"

डॉक्टर गोंधळले. मी मनातल्या मनात गुणाकार करत होते. आठ हजारांचे साठ टक्के, गुणिले १८४.१७, त्याचा दहावा भाग. ८८ हजार ४०१ रुपये. मावशींना आकडा सांगितला तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. आयुष्यात एवढी रक्कम त्यांच्या नावावर कधी लागली नव्हती, आणि ती लागायला मनगट मोडावे लागले.

ती रक्कम त्यांच्या हातात मात्र थेट देता आली नाही. त्या कायद्यात एक कलम असे होते की बाईला किंवा कायद्याने असमर्थ अशा व्यक्तीला एकरकमी भरपाई द्यायची तर ती आयुक्तांकडे जमा करूनच द्यायची. म्हणजे १९२३ साली बाई आणि असमर्थ व्यक्ती एकाच ओळीत बसल्या होत्या, आणि २०१७ साली मावशींना त्या ओळीत उभे राहावे लागले. हेतू चांगला असेल. नवऱ्याने नाहीतर दिराने पैसे काढून घेऊ नयेत म्हणून. मावशी म्हणाल्या, "नवरा मेला दहा वर्सांमागं. आता मला माज्यापास्नंच जपायचं का?"

त्या दिवाळीपासून मी एक वही घातली. कोण कुठे पडले एवढेच नव्हे, तर कोणाचा पाय घसरता घसरता राहिला, कोणाला ठसका लागला, कोणाची कंबर धरली, सगळे त्यात लिहायचे. बायका आधी सांगायला तयार नव्हत्या. 'सांगितलं तर बाई कामावरून काढतील' ही भीती. मग मी एक केले. जी सांगेल तिला त्या दिवशी चहाबरोबर वडापाव. दोन महिन्यांत वही अर्धी भरली. वडापावसाठी एखादी घसरण रचलेलीही असेल, असू दे.

वहीतून दिसले ते असे. निम्म्याहून जास्त घसरणी परक्याच्या स्टुलावरच्या आणि खुर्चीवरच्या. त्याखालोखाल ओल्या जिन्यातल्या. सकाळी साडेसहाला जिना पुसायचा आणि पावणेसातला दूधवाला त्यावरून चढायचा. आणि ठसक्याचे सगळे प्रसंग संडास घासतानाचे. ॲसिडने चकाकी येत नाही म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकायची, ही कोणाच्या तरी सासूने शिकवलेली युक्ती. त्या दोन्हींतून निघतो तो क्लोरीन, आणि संडासाला खिडकी वीतभर.

तेव्हापासून आमच्या बायका गिऱ्हाइकाच्या स्टुलावर चढत नाहीत. आम्ही आमची ॲल्युमिनियमची शिडी घेऊन जातो. रुंद पायऱ्यांची, पायांना रबर लावलेली. दोन शिड्या घेतल्या, आणि दोघी असल्याशिवाय शिडी उघडायची नाही असा नियम केला. एक वर, एक खाली, खालचीचा पाय पहिल्या पायरीवर. अर्थात ह्यामुळे एका घराला दोघींची मजुरी पडते आणि दर वाढतो. पाच-सहा घरे त्यापायी सुटली. जिना अर्धा अर्धा पुसायचा, अर्धा कोरडा ठेवायचा. वीस लिटरच्या बादल्या बंद केल्या, दहाच्या आणल्या. भरलेली बादली उचलताना वजन निम्मे झाले. ॲसिड आणि ब्लीचिंग एका पिशवीत न्यायचे नाही. आणि खिडकीची काच बाहेरून पुसायला सज्जावर उतरायचे नाही, गिऱ्हाईक कितीही जुने असो. एका निवृत्त प्राध्यापकांनी मला ऐकवले, "आमची जुनी बाई बारा वर्षं उतरत होती, कधी पडली नाही." मी म्हटले, "सर, ती न पडण्याचे पैसे तुम्ही तिला वेगळे देत होता का?" ते काम गेले.

हप्ता कमी झाला का? झाला, पण लगेच नाही. तीन वर्षे एकही दावा नाही, हा कागद घेऊन मी तीन कंपन्यांकडे गेले तेव्हा एकीने दर उतरवला. माझी भाची न्यू जर्सीत हाच धंदा करते. तिकडे कामगारांचा विमा मालकाला सक्तीचा. हप्ता पगाराच्या दर शंभर डॉलरांमागे मोजतात आणि घरे झाडणारी वेगळ्या खान्यात, कचेऱ्या झाडणारी वेगळ्या खान्यात. शिवाय धंदा पुरेसा मोठा असेल तर मागच्या काही वर्षांच्या अपघातांवरून त्याला एक गुणक देतात. गुणक एकाच्या खाली असला तर हप्ता कमी, वर गेला तर जास्त. ती फोनवर आपला गुणक सांगते तेव्हा मला शाळेतल्या प्रगतिपुस्तकाची आठवण होते. आपल्याकडे लहान धंद्यांना असे प्रगतिपुस्तक मिळत नाही; आपले आपण लिहून दाखवावे लागते.

सरळ मार्गाने हप्ता उतरवायचे आणखी दोन मार्ग मला सापडले, दोन्ही कंटाळवाणे आहेत. एक म्हणजे मस्टर कामावार वेगळे ठेवणे. शिडीवर चढणाऱ्या दोघीच असतील तर जास्त दर त्या दोघींच्याच पगाराला लागावा, नऊ जणींच्या नव्हे; पण ते दाखवायला कागद हवा. दुसरा, वर्षअखेरीस खरा पगार कळवण्याचा आळस न करणे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. कचेऱ्या बंद, मंगल कार्यालय बंद, त्या दिवाळीत परक्या बाईला घरात घ्यायला कोणी धजेना. मी बायकांना काही महिने अर्धा पगार दिला, मग तोही जमेना. वर्ष संपल्यावर मस्टर कंपनीकडे पाठवले आणि हप्त्यातला फरक मागितला. चार स्मरणपत्रे लागली. तीन हजार सातशे रुपये परत आले. त्या वर्षी धंद्यात बाहेरून आलेली ती जवळजवळ एकमेव रक्कम होती. सहा जणींना वाटून दिली.

आणि मंगल कार्यालय? ते गेले, विम्यापायीच गेले. मालकांनी बोलावून सांगितले, "दुसऱ्या एकाचा दर महिना तीन हजारांनी कमी आहे."

"त्यांचा विमा आहे का?"

"तो त्यांचा प्रश्न आहे."

"नाही, तुमचा आहे." मी कायद्याचे पुस्तकच घेऊन गेले होते. आपल्या धंद्याचेच काम कंत्राटदाराकडून करवून घेतले, तरी त्याच्या माणसाला अपघात झाला तर भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. मालकाने ती मग कंत्राटदाराकडून वसूल करायची. वसूल करायला त्याच्याकडे काही असेल तर! मालकांनी पान दोनदा वाचले, मला कोकम सरबत पाजले, आणि काम तीन हजारांनी स्वस्त असलेल्यालाच दिले. आजही ते त्याच्याकडेच आहे. त्या झुंबरांखालून जाताना मी वर बघते.

घरी काम करवून घेणाऱ्या वहिनींनाही एक सांगावेसे वाटते. माझ्याकडच्या बाईमागे निदान मी आहे, माझा विमा आहे. तुमच्याकडे रोज धुणीभांडी करणारी बाई दिवाळीला 'दोनशे रुपये वर देते, तेवढे पंखे पुसून दे' म्हटल्यावर त्याच स्टुलावर चढते, तिच्यामागे कोण आहे? काही कंपन्यांच्या गृहविम्यात घरकाम करणाऱ्या माणसांसाठी वेगळा भाग मागून घेता येतो. टीव्ही आणि दागिने आपण त्यात आठवणीने घालतो, म्हणून म्हटले.

१९२३ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली. माझ्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी मोठ्या आहेत. घरून कामावर येता-जाता झालेला अपघात, वेळ आणि जागा ह्यांचा कामाशी संबंध जुळला तर, कामावरचाच धरला जातो. आमच्या बायका पहाटे पाचला मुलाच्या नाहीतर भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून येतात, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. दुसरी, दहाहून कमी माणसांच्या धंद्यालाही राजीखुशीने कर्मचारी राज्य विमा योजनेत जाता येते. ही योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्लीला सुरू झाली. तिचा आराखडा प्राध्यापक बी. पी. आडारकर ह्यांनी १९४४ साली तयार केला होता. मालकाचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. चौदा हजारांवर माझे ४५५ रुपये आणि तिचे १०५. सहा जणींचे वर्षाचे माझ्याकडून ३२ हजार ७६० होतात. म्हणजे आजच्या हप्त्याच्या दुपटीहून पुष्कळ जास्त. पण त्यात जखमी बाईला निम्म्याऐवजी पगाराच्या नव्वद टक्के मिळतात आणि घरच्या माणसांना औषधपाणी. मालकाबरोबर बहुसंख्य कामगारांचीही संमती लागते. सहा जणींना चहाला बोलावून विचारले. तिघी म्हणाल्या, "घेऊ या, पोराचा दमा बघतील." तिघी म्हणाल्या, "दवाखाना लांब, एक खाडा म्हंजे एकशेपाचाहून जास्त गेले." ह्यांनी मध्यस्थी करून प्रकरण आणखी लांबवले आहे.

तोवर जुना विमा चालू ठेवणे भागच. यादी करायला बसले तर हंगामी तिघींपैकी एकीच्या वयाचा मेळ बसेना. आधारकार्डावर पन्नास, जन्मतारीख १ जानेवारी. तिच्या तोंडून पंचेचाळीस. धाकटा भाऊ त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि आपण त्याच्याहून दोन वर्षांनी मोठ्या, एवढे तिला पक्के ठाऊक. मी तक्ता उघडला. पंचेचाळिसाला १६९.४४, पन्नासाला १५३.०९. चौदा हजार पगारावर फरक होतो एक लाख चौदा हजार साडेचारशे.

"मावशी, नक्की काय लिहू?" मी विचारले.

त्या म्हणाल्या, "ल्हिवा की बाई, तुमाला स्वस्त पडंल ते."

मी म्हटले, वयाने माझ्या हप्त्यात एका पैशाचाही फरक पडत नाही. पडतो तो तुमच्या मुलीला. हे त्यांना पटायला अर्धा तास गेला. मग आठवले की त्या तिसरीपर्यंत शाळेत गेल्या होत्या, वेल्ह्याच्या बाजूला. तिथल्या मुख्याध्यापकांना काल फोन लावला. दिवाळीची सुट्टी लागण्याआधी जुने रजिस्टर काढून बघतो म्हणाले आहेत.